सायकलची खांदेमळणी

वर्तमानपत्राशी माझा संबंध आला तो सायकलच्या रिमा पुसण्यापुरता. पावसात भिजून आलेल्या सायकलचं चाक कोरडं करायला जुन्या वर्तमानपत्रासारखी दुसरी चीज नाही. फडकं पाणी नुसतं पसरवतं, कागद ते पिऊन टाकतो. अग्रलेख मागच्या चाकाला आणि पुरवणी पुढच्या चाकाला, अशी वाटणी मी हयातभर केली. आता संपादकांनी मलाच लिहायला बसवलं आहे. उद्या हा अंक कुणाच्या रिमेवरून फिरला तर मला राग नाही. फक्त आधी वाचून घ्या, कारण मी सांगणार आहे तेही रिम पुसण्याबद्दलच आहे.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान कोल्हापुरात, पंचगंगेकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या पायथ्याशी होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं खोपटं, दारात पाण्याची लोखंडी घमेली आणि बाजूला जुन्या टायरांचा ढीग. नदीपलीकडच्या गावांची माणसं सकाळी दूध, भाजी, वैरण घेऊन पूल ओलांडायची, चढ चढून शहरात जायची आणि माल विकून त्याच उतारानं घरी परतायची. चढाला चेन तुटायची, उताराला ब्रेक दगा द्यायचे. दोन्ही गिऱ्हाइकं माझीच. तो उतार हा माझा बिनभांडवली भागीदार होता, आणि पावसाळ्यात तर तो माझ्यापेक्षा जास्त काम करायचा.

आता धंद्यातलं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोकांना वाटतं पाऊस टायरला लागतो. टायर रबराचं, त्याला काय धाड भरली आहे? पाणी लागतं ते चाकाच्या मधोमध. तिथं जो लोखंडी तुंबा असतो त्याला आम्ही हब म्हणतो. त्याच्या पोटात छर्रे असतात आणि छऱ्यांभोवती ग्रीस. सायकलचा आणि तुमचा सगळा भार त्या छऱ्यांवर. पाणी आत गेलं की ग्रीसचं ताक होतं आणि छर्रे एकमेकांना खायला लागतात. म्हणून पावसातून आल्यावर हबला तेलाचे दोन थेंब द्यायचे, आणि अधूनमधून हब खोलून, रॉकेलनं धुऊन, नवं ग्रीस भरायचं. रिम मात्र, म्हणजे चाकाची बाहेरची चकाकती कड, नुसती कोरडी पुसायची. तिला तेलाचं बोट लावायचं नाही. त्या काळच्या सायकलींचा ब्रेक म्हणजे रबराचे ठोकळे, आणि ते रिमेलाच दाबून चाक थांबवायचे. तेलकट रिमेवर रबर काय धरणार? तेल चोपडलेला पैलवान एकदा धरून बघा म्हणजे समजेल.

एवढी साधी गोष्ट. एक जागा कोरडी, एक जागा तेलकट. माणसं नेमकं उलट करायची. रिम डोळ्यांसमोर असते, तिच्यावर गंजाचा ठिपका दिसला की मालकाचा जीव तुटतो, म्हणून तिला तेल. हब चिखलात झाकलेला, त्याची विचारपूस कोण करतो? सरकारी कचेरीतही असंच असतं म्हणतात, पण मी तिथं नोकरी केलेली नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एक बँकेतले साहेब भिजलेलं चाक सोडवून न्हाणीघरात बंबाशेजारी शेकायला ठेवायचे. एकदा आतली ट्यूब फुटली, दचकून कुणीतरी बंब पाडला आणि त्यांच्या सासूबाईंची आंघोळ राहिली. साहेब माझ्याकडं आले ते एवढंच विचारायला, की उष्णतेला टिकणारी ट्यूब कुठल्या कंपनीची. एका तालमीतला पैलवान चाकाच्या तारा तुटल्या की पावसाला शिव्या द्यायचा. "मिस्त्री, पाण्यानं तारा कुजाय लागल्यात बगा." त्याच्या मांड्यांकडं बघून मीही म्हणायचो, "व्हय की, यंदा पाऊसच लई हाय." वाद घालण्याइतकं माझं वजन नव्हतं.

मला खरं सांगायचं आहे ते केरबाआण्णांबद्दल.

केरबाआण्णा नदीपलीकडचे. सायकलच्या कॅरिअरवर ओल्या वैरणीचा भारा बांधून रोज शहरातल्या म्हशीवाल्यांना पोचवायचे. भारा एवढा मोठा की मागून बघणाऱ्याला वाटावं, गवताचा ढीगच चढ चढतोय. त्याआधी ते बैलवाले. दारात खिल्लारी जोडी होती. मग भाड्याचा ट्रॅक्टर आला, थोरला मुलगा सर्जेराव साखर कारखान्यात कामाला लागला, बैलांच्या मागं राबायला घरात कुणी उरलं नाही आणि जोडी विकली गेली. ज्या दिवशी विकली त्या दिवशी आण्णा माझ्या दुकानात येऊन बसले आणि जाताना चांगल्या भरलेल्या चाकात आणखी हवा भरून गेले.

त्यानंतर त्यांची सगळी बैलकी सायकलीवर उतरली. जड, काळी, दोन दांड्यांची सायकल होती ती. आण्णा ती कधी भिंतीला टेकवायचे नाहीत. "जनावार भितीला घासत न्हाईत," म्हणायचे. ऊन असलं तर सावलीला लावायचे. चढाला निम्म्यात उतरून ढकलत न्यायचे, आणि का विचारलं तर म्हणायचे, "दमली असंल." मी एकदा गमतीनं विचारलं, "आण्णा, नाव काय ठेवलंय हिचं?" तर माझ्याकडं कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "यंत्राला नाव ठिवाय मी काय खुळा हाय व्हय?"

आमच्याकडं बेंदूर आषाढात येतो, ऐन पावसात. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलवटलेला असतो. तो गरम पाण्यानं शेकायचा आणि तेलात हळद कालवून हलक्या हातानं चोळायचा. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची, आणि त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. ज्यांच्या दारात बैल नाहीत ते कुंभाराकडून मातीची जोडी आणून पुजतात. हे सगळं मी शेजारधर्मानं सांगतोय. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी छप्पन सालानंतर घरातले देव, नवस, अंगारे सगळे बंद केले ते कायमचे, आणि सणावाराला हळद लागलेली वस्तू आमच्या घरात फक्त आमटी.

नव्वदीच्या मध्यावरचा एक पावसाळा. बेंदराच्या आठवडाभर आधी आण्णांच्या सायकलचे ब्रेक मी नवे केले होते, चारही रबरं. बेंदूर झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दारात बसून एका चाकाचा आऊट काढत होतो, म्हणजे चाक फिरवून तारा ताणत त्याचा वाकडेपणा काढत होतो. पाऊस भुरभुरत होता. एवढ्यात उतारावरून आरडाओरडा ऐकू आला. "वाट सोडा, वाट सोडा की." बघतो तर आण्णा. सकाळी भारा घेऊन चढावर गेले तेव्हा ब्रेकची गरज लागली नव्हती. आता रिकामे येत होते. दोन्ही हातांनी ब्रेक आवळलेले, दोन्ही पाय रस्त्यावर घासत होते आणि सायकल सुसाट. समोर पूल, पुलाच्या तोंडाशी एसटी, डाव्या हाताला मक्याची कणसं भाजणारी बाई. आण्णांनी क्षणभर विचार केला आणि सायकल माझ्या दुकानात घातली.

टायरांच्या ढिगानं त्यांचा जीव वाचवला. पण उजव्या खांद्याचं हाड मोडलं. मी त्यांना उचलून बसवलं तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "चाक वाकलं का बगा." दुसरं वाक्य, "माफ करा मिस्त्री, पर एवढ्या समद्यात तुमीच तेवढं वळखीचं हुतासा."

रिक्षा बोलावून त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि मी सायकल उभी केली. रिमेवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. नाकाशी धरलं तर करडईचं तेल आणि हळद. पुढच्या चाकालाही तेच, मागच्याही, अगदी कडेकडेनं, हलक्या हातानं, एक बोटही जागा न सोडता. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी या माणसानं सायकलीची खांदेमळणी केली होती. सणाच्या दिवशी तिला विश्रांती दिली होती. आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचा खांदा मोडून घेतला होता. मला हसूही आलं आणि अशी काही चीड आली की मी एक अख्खं वर्तमानपत्र घेऊन दोन्ही रिमा खसाखसा पुसून काढल्या. एवढी वर्षं मी कानीकपाळी ओरडत होतो की रिमेला तेल लावू नका, आणि आण्णा समोर बसून मान डोलवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव आला. मागं आण्णा, हात गळ्यात अडकवलेला. त्यांना सायकल बघायचीच होती म्हणून हट्टानं आले होते. सर्जेराव मनानं वाईट नव्हता, पण त्याचा साधा आवाजही रस्ता ओलांडून जायचा. समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं लगेच कपबशा घेऊन जवळ सरकली.

"मिस्त्री, गेल्या आटवड्यात रबरं तुमीच बदललासा न्हवं?"

"व्हय."

"मग ब्रेक का लागलं न्हाईत? मला एकच सांगा. चूक तुमची का आण्णांची? आण्णांच्या हातनं आता सायकल आवरत नसंल, तर चारचौघांत सांगतो, ही हितनंच भंगारात जाणार. घरला न्हेणार न्हाय. आई रातभर रडतीया."

मी आण्णांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. ते सायकलच्या चाकांकडं बघत होते. बाजारात बैल विकायला उभा केला की मालक असा बघतो, तोंडाकडं नाही, खुरांकडं. बोलायला तोंड उघडलं असतं तर हळदीची गोष्ट बाहेर आली असती, आणि मग सगळ्या गावानं त्यांना खुळ्यात काढलं असतं, आणि सायकलही गेली असती.

"रबरंच खराब निघाली," मी म्हणालो. "माझी चूक."

मी मोठ्या मनाचा माणूस नाही. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं तर मी पान्हा हातात घेऊन उठत असे, आणि हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. पण त्या घटकेला मला स्पष्ट दिसलं, की ही सायकल गेली तर हा माणूस उद्या ओसरीवर बसेल आणि पुन्हा उठणार नाही. ते मला बघवलं नसतं.

सर्जेरावनं वाकून रिमेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बरं," तो म्हणाला, "मग ह्या बारीला चांगली टाका." आणि बापाला घेऊन गेला. मी ब्रेकमधून काढलेली रबरं, जी अगदी ठणठणीत होती, सगळ्यांदेखत फेकून दिली आणि दुसरी टाकली.

उताराच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाकडं बदनामी यायला वेळ लागत नाही, आणि नदीपलीकडं जायला तर पूल होताच. मिस्त्रीनं खराब रबरं टाकून म्हाताऱ्याचा खांदा मोडला, ही बातमी गावोगाव पोचली. माणसं माझ्या दारावरून सायकल ढकलत चढ चढायची आणि वरच्या अंगाच्या दुकानात जायची. वरच्या दुकानदारानं संधी साधून पाटीवर रंगवून घेतलं, 'खात्रीशीर ब्रेक'. त्याला सायकलचा ब्रेक बसवता येत नव्हता, पण पाटी चांगली होती. पावसाळा हा आमच्या धंद्याचा सुगीचा काळ, आणि मी माशा मारत बसलेलो.

सुमनला, माझ्या बायकोला, मी सगळं खरं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "लोक धंदा वाढवाय खोटं बोलत्यात," ती म्हणाली. "खोटं बोलून धंदा बुडवणारा माणूस मी पैल्यांदाच बघितला." खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला आण्णांचा राग यायचा. हाड जुळलं की येऊन एक शब्द तरी बोलतील, असं वाटायचं.

दिवाळी झाल्यावर आण्णा आले. हाड जुळलं होतं, पण वाकडं. सदऱ्याखालून उंचवटा दिसायचा आणि ढग आले की दुखायचा. हिरव्या वैरणीचा एक भारा सोडवून त्यांनी माझ्या दारात टाकला.

"आण्णा, हे कशाला? माझ्या दारात ना म्हस ना शेळी."

"असू दे," म्हणाले आणि चढाला लागले.

माझ्या आयुष्यात मिळालेली ही सर्वात बिनउपयोगी भेट. शेवटी मी ती कोपऱ्यावरच्या दूधवाल्याच्या म्हशीला घातली आणि त्यानं मला समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला दिला. त्यानंतर अधूनमधून तसा भारा दारात पडायचा आणि मी न बोलता म्हशीकडं न्यायचो. चारा घालणारा एक, खाणारी दुसरी आणि पिणारा मी, असा तो व्यवहार होता.

पुढचा बेंदूर आला. आदल्या दिवशी, पाऊस चालू असतानाच, आण्णा सायकल घेऊन दुकानात शिरले. भोवती कुणी नाही हे बघून त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि पिशवीतून तेलाची बाटली. म्हणजे घरी मळायचं धाडस उरलं नव्हतं, म्हणून मळणी माझ्या दुकानात. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आण्णा, अजून भागलं न्हाय? दुसरा खांदा शिल्लक हाय म्हणून आलासा काय?"

ते खाली मान घालून म्हणाले, "वरीसभर वडलीया हिनं. तिच्यासाठी कायच करायचं न्हाय?"

त्या आवाजापुढं माझा राग टिकला नाही. तरी मी ठसक्यातच विचारलं, "बैलाचा खांदा कुठं असतो?"

"जू बसतं तितं."

"आणि शिंगं मळता का कधी?"

"शिंगं कशी मळायची? शिंगं मिरवायची."

"मग ही रिम म्हणजे सायकलची शिंगं. चकाकती, मिरवते. भार कुठं बसतोय ते तुम्हाला दाखवतो, बसा."

मी चाक सोडवलं, हब उघडला. आत पावसाचं पाणी जाऊन ग्रीस पांढरं झालेलं. छर्रे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. सगळे खाल्लेले, खरबरीत. आण्णांनी ते अंगठ्यानं चाचपले. बैलाचा सोलवटलेला खांदा त्यांनी असाच चाचपला असणार.

"आयला," ते हळू म्हणाले. "हितं वडत हुती व्हय. आनि मी भाईरनंच कुरवाळत बसलो."

मी छर्रे रॉकेलनं धुतले, खराब झालेले बदलले, ग्रीस भरलं. आण्णांनी हळदीचं एक बोट हबला बाहेरून लावलं आणि वरच्या तेलाच्या भोकात करडईच्या तेलाचा एक थेंब सोडला. करडईचं तेल हबसाठी बरं नव्हे, पण एका थेंबानं काही बिघडत नाही, आणि मी प्रत्येक ठिकाणी नाही म्हणणारा माणूस असतो तर सुमननं मला केव्हाच सोडलं असतं. मग मी वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिलं आणि रिमा त्यांच्याकडूनच कोरड्या पुसून घेतल्या. "शिंगं कोरडी," मी म्हणालो. "शिंगं कोरडी," त्यांनी मान डोलवली. या वेळची मान खरी होती.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण गाव म्हणजे गाव. आण्णांनी हबची खांदेमळणी करून घेतल्यापासून त्यांची सायकल कशी लोण्यासारखी चालते, हे त्यांनी पारावर सांगितलं. पुढच्या बेंदराच्या आदल्या दिवशी दारात सायकली उभ्या. बैल विकलेली माणसं, दूध घालणारी माणसं, भाजीवाले. प्रत्येकाच्या खिशात हळदीची पुडी. खराब रबरांचं कुणी नाव काढलं नाही. इतकी वर्षं मी पावसाळ्यात हब धुवा म्हणून बोंबललो तर कुणी ऐकलं नव्हतं. बेंदराचं निमित्त मिळालं तर रांग लागली. देवधर्म सोडलेल्या बापाचा मुलगा मी, आणि दर आषाढात सायकलींचा पुजारी होऊन बसलो.

"आलं बगा पुजारी," सुमन मला जेवायला वाढताना म्हणायची.

मी माझ्या मनाची समजूत काढली होती. ग्रीस मी लावतो, हळद त्यांची ते लावतात. आमची खाती वेगळी. आणि एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या गावच्या सायकलींची चाकं पावसाळ्यातही जेवढी चांगली चालायची तेवढी चढावरच्या शहाण्यासुरत्या माणसांची चालत नव्हती.

दोन हजारनंतर रस्ता बदलला. वैरण टेम्पोतून येऊ लागली, दूध मोटरसायकलवरून. बेंदराची रांग आखडत गेली. माझ्याकडं पंक्चर काढायला मोटरसायकली यायच्या, त्यांच्या चाकाशी बोलायला मला जमायचं नाही. नदी मात्र नेमानं दर पावसाळ्यात दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन चौकशी करून जायची. आण्णा अजून यायचे, भारा लहान झाला होता. मी मनात धास्तावलेलो असायचो. उतारावर काही झालं, तर त्या दिवशी मी बोललेल्या खोट्याचं काय करायचं?

मग एके दिवशी, थंडीत, उसाच्या गाड्या चालू असताना, आण्णा पुलावरून चालत येताना दिसले. सायकल हातात धरून. बेंदराच्या दिवशी ते तिच्यावर बसायचे नाहीत, हातानं चालवायचे. पण हा काही आषाढ नव्हता. मागून सर्जेराव मोटरसायकल अगदी हळू चालवत येत होता, बापाच्या चालीनं.

"आण्णा, आज चालत का? आज काय बेंदूर न्हाय."

त्यांनी सायकल नीट उभी केली, भिंतीला न टेकवता. "माझा हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आज माझा बेंदूर हाय मिस्त्री. जू उतरिवलं. पाय आता वर येत न्हाय दांडीवरनं. पोरानं सांगिटलं न्हाय. माझं मीच उतरिवलं."

ते टायरांच्या ढिगावर बसले, तोच ढीग. मग सर्जेरावकडं न बघता म्हणाले, "सर्जा, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. त्या साली रिमंला त्याल मीच लावलं हुतं. मिस्त्रीची रबरं चांगली हुती."

सर्जेरावनं मोटरसायकलचा स्टँड लावला. "मला ठावं हाय की," तो म्हणाला.

"ठावं हाय?"

"आईची हळद संपलीती. तुमच्या बंडीला पिवळं डाग हुतं. आनि मिस्त्रीनं रिम पुसलीती, पर तारांच्या बुडाला हळद तशीच. हळद काय आभाळातनं पडती व्हय?"

आता मला गप्प बसवेना. एवढी वर्षं मी ज्याला त्याग समजत होतो तो या बाबाला पहिल्या दिवसापासून माहीत होता. "मग सर्जेराव, माझं नाव का खराब होऊ दिलंसा? सगळं गाव वरच्या दुकानात गेलं."

"तुमीच घेतलासा की अंगावर," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच रस्त्यापलीकडं गेला नाही. "मी चारचौघांत बोलून बसलेलो. आण्णांची चूक म्हणून निघाली असती तर सायकल भंगारात घालावी लागली असती. शबुद फिरवता आला नसता. तुमी खोटं बोललासा म्हणून सुटलो मी. लई बरं वाटलं त्या दिशी. पर हे तुमास्नी सांगायचं कसं?"

मी पान्हा शोधायच्या निमित्तानं खोपटात गेलो.

बाहेर आलो तर आण्णा म्हणाले, "मळणी करा तिची. आता नुसतीच उभी ऱ्हाणार हाय, तरी करा." पुडी आणि बाटली त्यांनी आणली होतीच. मी हब उघडला. थंडीचे दिवस, आत पाणी नव्हतं, ग्रीस चांगलं होतं. तरी धुतलं, भरलं. आण्णांनी वाटीत तेल-हळद कालवून हबला बोट लावलं, तेलाचा थेंब सोडला. वाटीत थोडं हळदतेल उरलं.

सर्जेराव त्या वाटीकडं बघत उभा होता. चहाच्या गाड्यावरची माणसं आपल्याकडं बघताहेत हे त्याला दिसत होतं. मग तो पुढं झाला, बापाच्या सदऱ्याची गुंडी काढली, तेलात बोटं बुडवली आणि त्या वाकड्या जुळलेल्या हाडावरून हलक्या हातानं फिरवायला लागला.

"जरा वर," आण्णा डोळे मिटून म्हणाले. "जू तितं न्हाय बसत."

मी हबचे नट आवळले. ती सायकल आता उतारावर जाणार नव्हती, तरी मी एक वर्तमानपत्र घेतलं आणि तिच्या दोन्ही रिमा कोरड्या पुसल्या.